आडात आहे ते पोहऱ्यात



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे नांदेडला जमतो, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत. चौथीच्या पोरांकडून ते गावाचा नकाशा काढून घेत. मारुतीचं देऊळ, पार, शाळा हे यायचंच. पण गुरुजींचा आग्रह असायचा तो पाण्याचा. आड कुठे? बारव कुठे? पावसाचं पाणी कोणत्या गल्लीनं उतरतं आणि कोणत्या ओढ्याला मिळतं? पुढे मी भूगर्भशास्त्र शिकलो, आयुष्यभर तेच शिकवलं. पण पाण्याचा पहिला धडा तो. आज तोच नकाशा मला तुमच्यापुढे पुन्हा काढायचा आहे. फक्त गुरुजींच्या वेळी ज्या तीन खुणा काढायची गरज वाटली नव्हती, त्या आज काढायच्या आहेत : खताचं पोतं, उकिरडा आणि संडासाचा खड्डा.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मराठवाड्यानं ही म्हण नेहमी टंचाईच्या अर्थानं वापरली. आपलं दुःखच ते होतं. आज ती उलट बाजूनं वाचू या. जे आडात उतरलं, ते पोहऱ्यात येणारच.

मुखेड तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावाचा दोष शेजारच्या गावांपेक्षा तसूभरही जास्त नाही. शाळेच्या ओट्यावर आम्ही पाणी तपासायची पेटी उघडून बसलो होतो. बाया घागरी, बाटल्या, तांबे घेऊन आल्या होत्या. ही तपासणी अगदी साधी असते. छोट्या बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात पूड टाकायची, हलवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. पाण्यात नायट्रेट असेल तर रंग गुलाबी होत जातो. जितका गडद, तितकं जास्त. मग तो रंग शेजारच्या रंगपट्टीशी ताडून बघायचा. वेशीजवळच्या हापशाचं पाणी फिकट गुलाबी झालं. शाळेमागच्या बोअरचं त्याहून गडद. आणि एका बाईनं घरामागच्या हापशावरून आणलेलं पाणी असं झालं, जणू कोणी त्यात गुलाल कालवला आहे. रंगपट्टीवरचा शेवटचा चौकोन त्याच्यापुढे फिका दिसत होता. त्या बाईच्या कडेवर पाच महिन्यांचं लेकरू होतं. तिनं विचारलं, "सर, गुलाबी झालं की वो पाणी. चांगलं म्हणावं का वंगाळ?"

त्या हापशाचं पाणी मी स्वतः प्यालो होतो, तासाभरापूर्वी. गार, निवळशंख, चवीला गोड. त्यात काही आहे हे डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही. गढूळ पाणी माणूस गाळून घेतो. खारट पाणी थुंकून टाकतो. ज्या पाण्याची तक्रार करावी असं काहीच दिसत नाही, त्याच्याबद्दल माणूस कोणाकडे जाणार?

मग कशाच्या आधारावर वंगाळ म्हणायचं? भारतीय मानकानं पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे. पाण्यातल्या काही घटकांना मानकानं सवलत दिली आहे. दुसरा स्रोत नसेल तर थोडं जास्त चालेल, अशी. नायट्रेटला ती सवलत नाही. ४५ म्हणजे ४५. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५० आहे, म्हणजे जगभर रेघ जवळपास एकाच ठिकाणी ओढलेली आहे.

आणि आपण कुठे आहोत? केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात देशभरातल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुने नायट्रेटच्या मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे होतं. २०१७ साली देशातल्या ३५९ जिल्ह्यांत मर्यादेबाहेरचं नायट्रेट सापडलं होतं, २०२३ मध्ये ते जिल्हे ४४० झाले. त्याच अहवालात सर्वाधिक बाधित अशा १५ जिल्ह्यांची यादी आहे. त्यात महाराष्ट्राचे सात : वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड आणि नांदेड. मंडळी, आपलं नांदेड. इथे आलेल्या लातूरकरांनी सुस्कारा सोडू नये. लातूर त्या पंधरांत नाही. पण एका अंगाला बीड आणि दुसऱ्या अंगाला नांदेड, मधून वाहणारी मांजरा तीच, काळी रानं तीच, आणि रानात पडणारं खतही तेच.

हे नायट्रेट येतं कुठून, हा आजचा माझा मुख्य प्रश्न. त्याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

किनवटकडच्या गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. ते फ्लोराइड खडकातून येतं. खडक माणसाच्या आधीपासून आहे, त्याला कोणी काय करणार? पाणी बदलावं लागतं किंवा फ्लोराइड काढून टाकावं लागतं. नायट्रेटचं तसं नाही. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये नायट्रेट जवळपास नसतंच, आणि देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटमध्येही नसतं. विहिरीत सापडणारं नायट्रेट वरून उतरलेलं असतं. माणसाच्या आणि जनावराच्या वापरातून, आपल्या शेतातून, आपल्या अंगणातून. ही वाईट बातमी आहे, आणि माझ्या मते हीच चांगली बातमीही आहे. जे आपण वरून सोडलं, ते सोडणं कमी करणं आपल्या हातात आहे.

आधी पोतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. पूर्वी पोतं ५० किलोचं होतं, आता ४५ किलोचं. म्हणजे एका पोत्यात २१ किलोच्या आसपास नत्र. जमिनीत पडल्यावर युरियाचा अमोनिया होतो आणि काही आठवड्यांत जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियाचं रूप मातीला चिकटून राहतं. नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर सुटतं. पाणी जिकडे, नायट्रेट तिकडे. पीक आपल्याला हवं तेवढं उचलतं, पण घातलेल्या नत्रातलं निम्मंसुद्धा बऱ्याचदा उचललं जात नाही. उरलेलं काही हवेत जातं, काही खाली.

मी वर्गात मुलांना एक हिशेब करायला लावत असे. एका पोत्यातलं सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं, तर किती पाणी मर्यादेवर जाईल? उत्तर येतं, २० लाख लिटर. एक पोतं! सगळं उतरत नाही हे मला माहीत आहे. दहावा हिस्सा उतरला असं धरा. तरी दोन लाख लिटर झालं. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे बारा पोती. हे शिफारशीचं झालं. बांधावर उभे राहून बघा, किती जण शिफारशीवर थांबतात? शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला की आपल्यालाही एक पोतं जास्त टाकावंसं वाटतं. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि ते मी करणार नाही. युरियाचं पोतं पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळतं आणि डीएपीचं साडेतेराशेला. २०१० साली बाकीच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यावर बांधलं गेलं, युरिया मात्र त्यातून बाहेर ठेवला. ज्याच्या खिशात तीनशे रुपये आहेत त्यानं काय विकत घ्यावं, हे आपल्या धोरणानंच ठरवून टाकलं.

सोयाबीनची गोष्ट तर मनाला लागते. लातूर म्हणजे सोयाबीनची बाजारपेठ. सोयाबीन हे शेंगवर्गीय पीक, आपल्या मुळांच्या गाठींत हवेतलं नत्र स्वतः साठवणारं. पेरणीबरोबर थोडं नत्र दिलं की त्याचं भागतं. पण पंचवीस दिवसांचं पीक पिवळं पडलं की गडी माणूस युरियाची पाटी घेऊन रानात शिरतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो पिवळेपणा बऱ्याच वेळा लोहाच्या कमतरतेचा असतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. त्याला युरिया देऊन काय होणार? पीक तर सुधारत नाही, आणि पोतं जातं हापशाच्या वाटेनं.

आता आपली जमीन बघा. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून सरळ मुरमात उतरतो. त्याच्या खाली थरावर थर असलेला बेसाल्ट. त्यात पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, फटींत, सांध्यांत. असा खडक घनफळानं शंभर लिटर धरला, तर त्यातून हाती येतं दोन-तीन लिटर पाणी. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याची कोठारं आहेत. आपल्याकडे वाट्या आहेत. कोठारात चिमूटभर पडलं तर विरून जातं, वाटीत पडलं तर वाटीच बिघडते. दुष्काळानंतर दुष्काळ आल्यावर आपण बोअर खोल खोल नेले, सहाशे फूट, आठशे फूट. खोलच्या पाण्यात नायट्रेट बहुधा कमी असतं हे खरं. पण बोअरला केसिंगचा पाइप टाकतो किती? वरचा मुरूम ढासळू नये इतपत, वीस-तीस फूट. त्याखाली वरच्या थराचं पाणी बोअरच्या भिंतीवरून पाझरत तळाशी जातं. खोल पाण्याला वरच्या पाण्याची वाट आपणच करून दिली.

हे झालं शेताचं. पण नकाशा गावात आणा. मघाच्या त्या बाईच्या घरामागे मी गेलो. हापसा. त्याच्यापासून बारा पावलांवर उकिरडा, वर्षभराचं शेण आणि मूत मुरत पडलेलं. दुसऱ्या बाजूला, सात पावलांवर, संडासाचा एकच खोल खड्डा. हापशाचा ओटा फुटलेला, सांडपाणी तिथंच डबकं करून परत आत. पावलं मी स्वतः मोजली. शेताचं खत तिथून दूर होतं, त्या घागरीतलं नायट्रेट या बारा आणि सात पावलांतलं होतं. माणसाच्या मुतातही नत्र असतं, तेही मुख्यतः युरियाच्याच रूपात. कारखान्याचा युरिया आणि अंगणाचा युरिया, जमिनीला दोन्ही सारखेच.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो : मी शोषखड्ड्यांच्या किंवा संडासांच्या विरोधात नाही. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास हटवले आणि नांदेड पॅटर्न म्हणून त्याचं नाव झालं. ते काम मोलाचं आहे. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी मुरवायला शोषखड्डा चांगलाच. पण त्यात संडासाच्या टाकीचं पाणी सोडायचं नाही, आणि खड्डा हापशाला खेटून घ्यायचा नाही. हागणदारी गेली याचा मला मनापासून आनंद आहे. लेकरं जुलाबानं दगावायची, ते मी पाहिलेलं आहे. म्हणूनच म्हणतो, संडास बांधताना दोन उथळ आलटून पालटून वापरायचे खड्डे घ्या आणि पाण्यापासून पंधरा मीटर दूर रहा.

आणि गावाचा उतार विसरू नका. आपल्या बहुतेक गावांत दलित वस्ती उताराच्या बाजूला आहे. ती तिथे का आहे, हे या सभागृहात मी सांगायला नको. गावाचं सांडपाणी, गोठ्यांचं पाणी, उकिरड्यांचा निचरा, सगळं त्या दिशेनं जातं. वस्तीचा हापसा त्या वाटेवर उभा असतो. एकाच गावात वरच्या आळीचा रंग फिका आणि वस्तीचा गडद, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं की त्याला योगायोग म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता लेकरांकडे येतो. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी दोन तान्ह्या बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघं निळी पडत होती. हृदयात दोष नाही, फुप्फुसात नाही. रक्त काढलं तर चॉकलेटी. दोघांनाही पावडरचं दूध शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवून दिलं जात होतं आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होतं. पाणी बदललं, बाळं सुधारली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी, त्यामुळे नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिवाणू तिथे वाढतात. नायट्राइट रक्तातल्या लाल द्रव्याला असं बदलतं की त्याला प्राणवायू पोचवता येत नाही, आणि ते दुरुस्त करणारी यंत्रणा बाळाकडे अजून अपुरी असते. बाळ श्वास घेत असतं, पण आतून गुदमरत असतं. ४५ ची ती रेघ या बाळांसाठी ओढलेली आहे.

आईच्या दुधावरचं बाळ यातून बरंच सुरक्षित असतं. प्रश्न वरच्या दुधाचा. आई ऊसतोडीला गेली, लेकरू आजीजवळ राहिलं, दूध पातळ करायला पाणी घातलं; आपल्याकडे हे घडतं. आणि निळसर पडलेलं लेकरू दवाखान्यात आलं तर पाण्याचा विचार किती जणांच्या मनात येतो? मोठ्या माणसांचं काय? पोटात नायट्रेटपासून तयार होणाऱ्या काही द्रव्यांमुळे कर्करोगाचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० साली नोंदवलं आहे. त्याचा अभ्यास जगभर चालू आहे. तान्ह्या बाळाबद्दल मात्र वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

"पाणी उकळून देते की सर मी लेकराला." त्या बाईचं पुढचं वाक्य हे होतं. किती काळजीनं वागणारी आई! आणि तिला मला सांगावं लागलं की बाई, उकळू नको. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उरलेलं पाणी आणखी कडक होतं. तुरटी फिरवून ते जात नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जात नाही. कँडलच्या फिल्टरनं जात नाही. पाण्याची काळजी म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या जे जे शिकलो, ते सगळं जंतूंसाठी होतं. पाणी जंतूंपासून सुरक्षित म्हणून गावाला हिरवं कार्ड मिळतं, जलसुरक्षक नेमानं टीसीएल टाकतो, ते योग्यच आहे. पण हिरवं कार्ड नायट्रेटबद्दल काही सांगत नाही.

मग 'आरो'चं पाणी? ते यंत्र नायट्रेट काढतं, हे खरं. म्हणून गावोगाव पाच रुपयाला वीस लिटरचे जार भरले जातात. ज्याला परवडतं तो घेतो. पण यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी जातं कुठे? शेजारच्या नालीत, आणि तिथून परत जमिनीत, पूर्वीपेक्षा कडक होऊन. आयोवाचीच पुढची गोष्ट ऐका. तिथल्या डे मॉइन शहरानं १९९० च्या दशकात पाण्यातून नायट्रेट काढायची मोठी यंत्रणा बसवली. २०१५ साली शहराच्या पाणी मंडळानं वरच्या अंगाच्या शेतीभागावर खटला भरला, २०१७ साली तो फेटाळला गेला. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात नायट्रेट इतकं चढलं की हिरवळीला पाणी घालायलाच बंदी करावी लागली. कॉम्लींच्या नंतर ८० वर्षांनी, त्याच राज्यात. उलट डेन्मार्कनं १९८७ पासून कायदा करून खताचा आणि शेणाचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आणि शेतातून पाण्यात उतरणारं नत्र जवळपास निम्म्यावर आणलं. माझं मत स्पष्ट आहे : नळाच्या टोकाला यंत्र लावून हा प्रश्न सुटत नाही, तो सुटतो बांधावर आणि अंगणात.

घरोघर नळ आला म्हणून आपण निश्चिंत आहोत. जल जीवन मिशनचा नळ आला हे चांगलंच झालं. बायांच्या डोक्यावरची घागर उतरली. पण नळामागे टाकी आहे, टाकीमागे मोटर, आणि मोटरीखाली गावचीच विहीर. नळानं पाण्याची वाट बदलली, पाणी तेच राहिलं. लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन, तेव्हा सगळ्या देशानं आपली तहान बघितली. गावच्या टाकीतलं नायट्रेट बघायला कोणी येणार नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल, आणि त्याची सोय गावात आहे. याच मिशनमध्ये गावागावांतल्या पाच महिलांना तपासणीची पेटी शिकवलेली आहे. वर्षातून एकदा रासायनिक तपासणी व्हायलाच हवी, असा नियम आहे. किती गावांत ती पेटी कपाटात बंद आहे, हे ज्याचं त्यानं आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन बघावं.

उकिरडा हापशापासून हलवायला पैसे लागत नाहीत. फुटलेल्या ओट्याला दोन पोती सिमेंट लागतं. युरिया एकदम न टाकता तीन-चार हप्त्यांत, पावसाची उघडीप बघून दिला, ठिबकातून दिला, माती तपासून दिला, तर शेतकऱ्याचाच पैसा वाचतो. यातलं काहीही नवं नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आज खत कमी केलं तर उद्या विहीर निवळणार नाही. मुरमात मुरलेलं उतरायला वर्षं लागतात. म्हणून तोवर त्या पाच महिन्यांच्या लेकराला कोणतं पाणी द्यायचं, हे आजच ठरायला हवं.

मुखेडकडच्या त्या गावात आम्ही सगळ्या बाटल्या शाळेच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि चौथीच्या पोरांना खडूनं गावाचा नकाशा काढायला सांगितला. पोरांनी प्रत्येक हापशाच्या जागी त्याची बाटली नेऊन ठेवली. फिक्या बाटल्या वर, गडद बाटल्या खाली, उकिरड्यांच्या रांगेत. कोणाला समजावून सांगायची वेळ आली नाही. वेशीजवळचा फिक्या बाटलीचा हापसा, त्याचं पाणी पुन्हा प्रयोगशाळेत तपासून ते मर्यादेत निघाल्यावर, तान्ह्या लेकरांच्या घरांसाठी राखून ठेवायचं त्या गावानं ठरवलं.

मंडळी, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. येत्या ग्रामसभेला जा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा, आपल्या पाण्याच्या उद्भवाच्या शेवटच्या तपासणीत नायट्रेट किती आलं? आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायला लावा. तपासणी झालेलीच नसेल तर नमुना कोण आणि कोणत्या तारखेला नेणार, ते लिहून घ्या. आणि आकडा ४५ च्या वर असेल तर ज्या घरात तान्हं लेकरू आहे, त्या घराला उद्या सकाळी कुठलं पाणी जाईल, ते ठरवल्याशिवाय सभेतून उठू नका.